एक ट्रक, एक मोटर, तीन हंगाम: नवशिक्यांची आरसी ट्रक शर्यत परवडणारी कशी ठेवायची

पहिल्या शर्यतीला दहा आरसी, म्हणजे रेडिओवर चालणारे छोटे, ट्रक येतात. सगळे जवळजवळ सारखे, खोक्यातून काढून बॅटरी लावलेले. धमाल येते. तिसऱ्या शर्यतीला एकाच्या गाडीत जोरदार मोटर बसलेली असते आणि तो जिंकतो. पाचव्या शर्यतीपर्यंत चौघांकडे ती मोटर आलेली असते, तर त्या पहिल्याने तोवर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर घेतलेली असते. तिच्या जोराने प्लास्टिकचे गियर सोलून निघतात म्हणून स्टीलचे येतात. स्टीलचे गियर टिकतात, मग ड्राइव्ह शाफ्ट तुटतो, म्हणून तोही बदलला जातो. हंगाम संपेपर्यंत गाडीच्या मूळ किमतीच्या दुप्पट पैसे तिच्यावर गेलेले असतात. नाकापेक्षा मोती जड. पुढच्या हंगामाला चार ट्रक येतात आणि ते चौघे एकमेकांना आधीपासून ओळखत असतात. नवीन कोणी नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच अख्ख्या एका प्रकाराच्या बाबतीत घडलं. २००८ साली ट्रॅक्ससने 'स्लॅश' हा १/१० आकाराचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा (मोटरचा जोर फक्त त्यांनाच) शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या खऱ्या ट्रकची प्रतिकृती, आणला. रेडिओसकट तयार, ब्रश्ड मोटर, चारही चाकं झाकणारी रुंद बॉडी आणि दणके सोसणारे बंपर. अनेक ट्रॅकवर त्याचा स्वतंत्र वर्ग, म्हणजे शर्यतीचा गट, सुरू झाला, कारण त्यात हरायलाही मजा येत होती. मग इतर कंपन्यांचे शर्यतीसाठीच बनवलेले शॉर्ट कोर्स ट्रक आले, चारही चाकांना जोर देणारे ब्रशलेस आले आणि स्वस्त म्हणून सुरू झालेल्या वर्गात महागड्या गाड्या दिसू लागल्या.

नवशिक्यांच्या वर्गाचं काम मी बरीच वर्षं पाहतो आहे. त्यातली पहिली दोन वर्षं मी ते चुकीच्या पद्धतीने पाहिलं. तेव्हा मला वाटायचं की नियम जितके कडक तितका खर्च कमी. आता मला वाटतं की खर्च वाचतो तो नियम जागचा न हलल्याने. मध्यम दर्जाचा नियम तीन हंगाम तसाच राहिला, तर तो दर वर्षी सुधारल्या जाणाऱ्या उत्तम नियमापेक्षा स्वस्त पडतो. प्रत्येक बदलाबरोबर सगळ्यांच्या पेटीतलं काहीतरी निकामी होतं आणि सगळ्यांना काहीतरी विकत घ्यावं लागतं.

पुढे दिलेला क्रम याच समजुतीवर उभा आहे. दोन चाकांवर चालणारा, १/१० आकाराचा, ब्रश्ड मोटरचा तयार ट्रक मी नमुना म्हणून धरला आहे. तुमचा आकार वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

आधी एक वाक्य लिहा

मोटर, बॅटरी, टायर यांच्याकडे वळण्याआधी हा वर्ग कोणासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं आहे: "आयुष्यातली पहिली आरसी गाडी घेतलेल्या माणसाला त्याच आठवड्यात, गाडीत काहीही न बदलता, शर्यतीत उतरता आलं पाहिजे." पुढे कोणीही सूचना घेऊन आला की ती या वाक्यावर घासून पाहायची. "फक्त एवढी एक मोटर चालू द्या" ही मागणी या वाक्यासमोर टिकत नाही आणि वादही वाढत नाही.

गाडी: एकच मॉडेल की एक प्रकार?

यावर पुष्कळ चर्चा होते. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात एकाच मॉडेलने करा. दोन मॉडेल आली की "त्याची गाडी वळणावर बरी" हे सुरू होतं आणि बरोबरी साधण्यासाठी तुम्ही वजन, गियर, टायर यांत ढवळाढवळ करू लागता. तिथून परत यायला वाट नसते.

मॉडेल निवडताना वेगाकडे पाहू नका. पुढचे सस्पेन्शन आर्म, स्टीअरिंगचे भाग, स्पर गियर (मोटरचा जोर गियरबॉक्सला देणारा मोठा गियर) आणि बॉडी हे सुटे भाग सहज आणि सतत मिळतात का, ते पाहा. नवशिक्याच्या हातून सगळ्यात आधी हेच तुटतात. भागासाठी महिनाभर थांबावं लागलं तर माणूस दोन शर्यती चुकवतो, आणि दोन चुकवलेला तिसरीला बहुतेक येत नाही. त्याचबरोबर तुमच्याकडच्या लोकांपैकी किती जणांच्या घरात ते मॉडेल आधीच पडून आहे, तेही विचारा. फुकटात असलेली गाडी सगळ्यात स्वस्त.

आधीच चार वेगवेगळी मॉडेल येत असतील तर त्यांना हाकलू नका. त्यांना पाहुणे म्हणून एक हंगाम पळू द्या, पण गुण देऊ नका.

"लिहिलेलं नाही ते चालणार नाही"

नियम दोन तऱ्हांनी लिहिता येतात. एकात बंदी असलेल्या गोष्टींची यादी असते आणि बाकी सगळं मोकळं. दुसऱ्यात परवानगी असलेल्या गोष्टींची यादी असते आणि बाकी सगळं बंद. नवशिक्यांच्या वर्गात दुसरी तऱ्हाच घ्या. पहिल्या तऱ्हेत तुम्ही कायम चोराच्या मागे धावत राहता: आज एका भागावर बंदी घातली की पुढच्या महिन्यात त्याचा भाऊ बाजारात येतो. दुसऱ्या तऱ्हेत यादी छोटी राहते आणि नवीन उत्पादन आलं तरी नियमाला हात लावावा लागत नाही.

मी गाडीचे भाग तीन ढिगांत टाकतो.

पहिला ढीग गोठलेला: मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), गियरबॉक्स, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गियर), स्पर गियर, चासी, शॉकची (धक्के शोषणाऱ्या दांडीची) नळी आणि दांडा, टायर, रिम. हे खोक्यातून आले तसेच राहतील. बदलायचे झाले तर त्याच क्रमांकाच्या भागाने.

दुसरा ढीग दुरुस्तीचा. यात तुटणाऱ्या गोष्टी येतात: आर्म, बंपर, हब, बेअरिंग, स्क्रू. इथे दुसऱ्या कंपनीचा मजबूत भाग चालेल, फक्त तो मूळ भागाच्या लांबी-रुंदीचा आणि मूळ पदार्थाच्या जातीचा हवा. प्लास्टिकच्या जागी प्लास्टिक किंवा नायलॉन चालेल, अॅल्युमिनियम किंवा कार्बन नाही. ही सूट आम्ही उशिरा दिली. सगळं मूळच हवं असा माझा हट्ट होता, आणि एका मुलाने एका हंगामात पुढच्या आर्मच्या सात जोड्या मोडल्या. चिवट नायलॉनची एक जोडी त्याला वर्षभर पुरली असती. मूळ भागाचा आग्रह म्हणजे नेहमी बचत, हे खरं नाही.

तिसरा ढीग मोकळा: शॉकचं तेल, स्प्रिंग, कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकं आत-बाहेर वळलेली किती), गाडीची उंची, बॉडीचा रंग, ट्रान्समीटर. यावर पुढे बोलू. नवशिक्याची खरी शाळा इथेच आहे.

वजनाचाही नियम हवा, पण आकडा हवेतून काढू नका. खोक्यातून काढलेल्या पाच गाड्या वर्गाच्या बॅटरीसकट तोला. त्यांतल्या सगळ्यात हलकीचं वजन ही किमान मर्यादा. मग टायटॅनियमचे स्क्रू घेऊन कोणाचं भलं होत नाही, कारण वाचवलेलं वजन शिसं चिकटवून परत चढवावं लागतं. आणि ज्याची गाडी अगदी कोरी आहे तो कधीच अडकत नाही.

मोटर आणि गियर: घोडं इथे पेंड खातं

ब्रश्ड की ब्रशलेस? ब्रशलेस जास्त टिकते, तिला देखभाल लागत नाही, हे खरं. पण ब्रशलेसमध्ये ईएससीचं सॉफ्टवेअर मधे येतं. वेग वाढेल तसं टायमिंग, म्हणजे मोटरला वीज देण्याचा क्षण, अलीकडे आणून तिला आणखी पळवणारे ईएससी असतात, म्हणून शर्यतींत 'ब्लिंकी' पद्धत आली: टायमिंग शून्यावर असलं की ईएससीचा दिवा लुकलुकतो आणि तपासणाराला तो लांबूनही दिसतो. कल्पना सुंदर आहे, कारण नियम डोळ्यांनी तपासता येतो. पण त्यासाठी सगळ्यांकडे तसा ईएससी हवा, आणि १७.५ टर्नच्या 'स्टॉक', म्हणजे ठरावीक जोराच्या मोटरच्या, वर्गातसुद्धा नवीन मोटर निघाली की लोक ती घेतातच. म्हणून ट्रकबरोबर आलेली ब्रश्ड मोटरच ठेवावी, या मताचा मी आहे. नंतर कधी ब्रशलेसकडे जायचंच झालं, तर टायमिंग हलवता न येणारी एकच बंदिस्त मोटर ठरवा.

टर्न म्हणजे आर्मेचरवर (मोटरच्या फिरणाऱ्या भागावर) तारेचे वेढे. एकाच आकाराच्या मोटरमध्ये वेढे कमी तर वेग जास्त, करंट जास्त आणि उष्णताही जास्त. पण ५४० आणि ५५० या दोन आकारांच्या मोटरमधल्या टर्नची तुलना करू नका. ५५०चा डबाच लांब असतो, त्यामुळे आकडा फसवतो. नियमात "१२ टर्न" एवढंच लिहू नका, मोटरचा भाग क्रमांक लिहा.

एकाच क्रमांकाच्या दोन ब्रश्ड मोटर सारख्या पळत नाहीत, हे मात्र स्वीकारावं लागतं. ब्रश बसण्याची पद्धत आणि चुंबकाची ताकद यांत कारखान्यापासूनच थोडा फरक असतो. त्यातून एक जुनी वाईट सवय निघते: दहा मोटर घ्यायच्या, मोजायच्या, सगळ्यात चपळ ठेवायची, नऊ विकायच्या. ही सवय मोडायचे दोन उपाय आहेत.

पहिला, मोटर आयोजकाने ठेवायच्या. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांकडून एकेका मोटरचे पैसे घ्या, एकत्र खरेदी करा आणि चिठ्ठ्या टाकून वाटा. डब्याच्या आणि मागच्या झाकणाच्या सांध्यावर रंगाचा ठिपका द्या. ठिपका तुटला म्हणजे मोटर उघडली गेली.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो: दावा. घोड्यांच्या शर्यतींत आणि अमेरिकेतल्या छोट्या मोटारट्रॅकवर ही पद्धत जुनी आहे. अंतिम शर्यत संपली की त्या शर्यतीत पळालेला कोणीही आयोजकाकडे ठरलेली रक्कम भरून विजेत्याची मोटर उचलू शकतो. रक्कम नव्या मोटरच्या किमतीएवढी. विजेत्याने नकार दिला तर त्याचा निकाल रद्द. आमच्याकडे तीन हंगामांत हा दावा फक्त दोनदा झाला, पण तो होऊ शकतो एवढ्यानेच निवडलेली मोटर आणणं बंद झालं. आपल्या हातून हक्काने निघून जाईल अशा वस्तूवर कोण पैसे घालेल? हाच दावा सर्व्होलाही (पुढची चाकं वळवणाऱ्या यंत्रालाही) लावा. सर्व्होंच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि कोणता सर्व्हो किती चपळ हे तपासणीच्या टेबलावर तपासता येत नाही. दाव्याची रक्कम साध्या धातूच्या गियरवाल्या सर्व्होएवढी ठेवली की प्रश्न आपोआप मिटतो.

आता गियर. मोटर ठरलेली आणि पिनियन मोकळा, अशी सूट बरेच जण देतात, कारण पिनियन स्वस्त असतो. हाच सापळा आहे. मोठा पिनियन म्हणजे सरळ रस्त्यावर जास्त वेग आणि मोटरवर जास्त ताण. लोक मोटर करपेपर्यंत पिनियन वाढवत नेतात, एका दिवसात जिंकतात आणि पुढच्या शर्यतीला नवीन मोटर लावतात. म्हणजे स्वस्त पिनियनने महाग मोटरला वापरून फेकायची वस्तू बनवलं.

म्हणून एकूण गुणोत्तराची मर्यादा लिहा. हिशेब सोपा आहे: स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गियरबॉक्सचं आतलं गुणोत्तर. ८६ दातांचा स्पर, १९ दातांचा पिनियन आणि आतलं गुणोत्तर २.७२ असेल तर ८६ ÷ १९ = ४.५२६, आणि ४.५२६ × २.७२ = १२.३१. मोटर १२.३१ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. पिनियन २३ केला तर तोच आकडा १०.१७ होतो. आकडा जितका लहान, तितकी मोटर जास्त तापते. तुमचा ट्रॅक लहान आणि वळणांचा असेल तर खोक्यातला पिनियनच कायम करा. ट्रॅक लांब असेल तर चार-पाच पिनियन लावून पूर्ण शर्यतीइतकं पळवा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा, आणि उन्हाच्या दिवशीही जी ८० अंश सेल्सियसच्या खाली राहते तिचा पिनियन ठरवा. मग त्याला हात लावू नका.

बॅटरी

इथे छापील आकडे नवख्याला हमखास चकवतात. दोन सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पूर्ण चार्ज झाली की ती ८.४ दाखवते. सात सेलच्या निकेल मेटल हायड्राइड पॅकवर ८.४ लिहिलेलं असतं आणि ताजा चार्ज झाल्यावर तो त्याहून बराच वर जातो, पण ताण आला की लवकर खाली येतो. दोन्ही प्रकार एकत्र पळवले तर कोणाला फायदा यावर संध्याकाळभर वाद चालतो. एक निवडा. आज मी कडक आवरणाची दोन सेलची लायपो निवडेन. तीन सेलला पूर्ण बंदी.

ट्रॅकवर उतरताना व्होल्टेज ८.४० पेक्षा जास्त नको, म्हणजे सेलमागे ४.२०. हे टेबलावर काही सेकंदांत मोजता येतं.

क्षमतेबद्दल लोक विनाकारण पैसे घालतात. ५००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) पॅक ५ मिनिटांत रिकामा करायचा तर सरासरी ६० अँपिअर ओढावे लागतील. ब्रश्ड मोटरचा साधा ट्रक त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे मोठी क्षमता शर्यत पूर्ण करायला लागतच नाही. मोठ्या आणि महाग पॅकचा फायदा होतो तो ताणाखाली त्याचं व्होल्टेज कमी घसरतं म्हणून. तो फायदा रोखायला क्षमतेची वरची मर्यादा लिहा, ५००० पुरे.

सुरक्षेच्या चार गोष्टी नियमांच्या पानावरच असू द्यात, वेगळ्या कागदावर नकोत: चार्जिंग बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरू देणारी तार) लावूनच, १सी दराने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, चार्ज होताना मालक जवळ, फुगलेला पॅक त्या दिवशी परत. ईएससीचा लायपो कट-ऑफ (व्होल्टेज फार खाली गेलं की मोटर थांबवणारी सोय) चालू आहे का तेही नवख्याच्या गाडीत पहिल्याच दिवशी बघा. निकेलच्या सेटिंगवर लायपो पळवून मारलेल्या बॅटऱ्या मी पुरेशा पाहिल्या आहेत.

टायर

मोटरवर सगळे भांडतात, पण हंगामभराचा खरा खर्च टायरवर होतो. मऊ रबर पकड देतं आणि झिजतं. मोकळा नियम ठेवला तर सकाळी ओल्या मातीचा एक सेट, दुपारी कोरड्याचा दुसरा, असं होत जातं.

उपाय कंटाळवाणा आहे: एकच टायर, एकच कंपाउंड (रबराचं मिश्रण), आतला फोमही तोच. ट्रॅकवर सगळ्यात जास्त पकड देणारा टायर निवडू नका, सगळ्यात जास्त टिकणारा निवडा. पकड सगळ्यांचीच कमी झाली की गाड्या घसरतात आणि चालवणाऱ्याचा हात दिसतो. मोटरचा जोरही कमी कामी येतो, कारण जास्तीचा जोर चाक फिरवण्यातच वाया जातो. म्हणजे कठीण टायर हा मोटरचा खर्च कमी करणाराही नियम आहे. एवढं मोठं काम करणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

मग संख्या बांधा. आम्ही हंगामाला दोन सेट ठेवतो. पहिल्या दिवशी टायरच्या बाजूवर रंगाच्या पेनने गाडीचा क्रमांक टाकायचा, बिनक्रमांकाचा टायर ट्रॅकवर नाही. रिमपासून सुटलेला टायर सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लूने) पुन्हा चिकटवायला अर्थातच परवानगी.

टायर मऊ करायची रसायनं पकडणं अवघड आहे. वास येत नसेल तर पुरावा नाही. म्हणून आम्ही "रसायन वापरू नये" असं लिहिलंच नाही. आम्ही लिहिलं: "टायर तपासणीच्या टेबलावर ओल्या फडक्याने पुसले जातील आणि तिथून थेट ट्रॅकवर जातील." आदल्या रात्री घरी काही केलं असेल तर ते यातूनही निसटतं, हे मान्य आहे. पण टायर कठीण असल्यामुळे त्याचा लाभ थोडा आणि त्यासाठी लाज मोठी.

मोकळं काय सोडायचं

सगळं बंद केलं तर हा छंद राहत नाही, भाड्याची गाडी होते. माणसाला संध्याकाळी घरी बसून काहीतरी पिळायचं असतं. शॉकच्या तेलाची बाटली स्वस्त, स्प्रिंगचा सेट स्वस्त, आणि त्यांतून मिळणारी शिकवण पुढच्या प्रत्येक वर्गात उपयोगी पडते. गाडी उडीनंतर आपटते तर तेल घट्ट करा. वळणात शिरताना पुढचं टोक सरळ जातं तर पुढची स्प्रिंग मऊ करून पाहा. ट्रान्समीटर मोकळा ठेवा; २.४ गिगाहर्ट्झमध्ये आता दोघांचे रेडिओ एकमेकांत घुसू नयेत म्हणून क्रिस्टल बदलण्याची आणि वारंवारतेचे चिमटे वाटण्याची भानगड उरलेली नाही.

बॉडीबद्दल एक बारीकशी गोष्ट. शॉर्ट कोर्सची बॉडी मोठी असते आणि उडीत तिच्यात हवा भरून ती छत्रीसारखी फुगते, नाक वर जातं. मागच्या बाजूला भोकं पाडली की फरक पडतो. भोकं पाडू द्या, पण कुठे ते लिहा. नाहीतर कोणीतरी छप्परच कापून आणतो आणि "नियमात कुठे आहे?" विचारतो. आमच्याकडे हे घडलं आहे. माणूस हुशार होता.

तपासता येत नाही तो नियम लिहू नका

प्रत्येक नियमापुढे मी दोन प्रश्न लिहितो: कशाने तपासणार, आणि किती वेळ लागणार. साधं उपकरण आणि एका गाडीला ३ मिनिटं, यात बसत नसेल तर नियम खोडायचा किंवा टायरसारखा दुसऱ्या तोंडाने लिहायचा. आमच्या टेबलावर व्होल्टमीटर, किचनचा डिजिटल काटा, प्लायवूडमध्ये कापलेली रुंदीची चौकट, रंगाचं पेन, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि फडकं एवढंच असतं. पिनियनचे दात मोजायलाही हात लागत नाहीत, बहुतेक पिनियनवर संख्या कोरलेली असते.

शर्यतीआधी सगळ्यांचं व्होल्टेज आणि टायर. शर्यतीनंतर पहिले तीन आणि चिठ्ठीने काढलेला एक, यांची पूर्ण तपासणी. तो चौथा महत्त्वाचा. फक्त विजेते तपासले की ते चोर ठरल्यासारखे उभे राहतात. शेवटून दुसराही रांगेत असला की हसतखेळत होतं.

शिक्षेचा तक्ता आधीच ठरवा आणि तिथे माणूस पाहू नका. व्होल्टेज किंवा वजन चुकलं तर ती एक फेरी रद्द. मोटरचा ठिपका तुटला तर दिवस रद्द. नवख्याला पहिल्या दोन शर्यतींत फक्त समज, पण निकालात त्याची नोंद करून.

आमचं पान

सगळे नियम एका पानाच्या एका बाजूला मावले पाहिजेत. आमचं पान साधारण असं आहे, तुमचे आकडे घालून घ्या:

- गाडी: ठरलेलं मॉडेल, दोन चाकांवर चालणारं. इथे लिहिलेलं नाही ते मूळ असावं.
- मोटर: ठरलेला भाग क्रमांक, ठिपका शाबूत. अंतिम शर्यतीनंतर दावा लागू.
- ईएससी: गाडीबरोबर आलेला.
- पिनियन आणि स्पर: ठरलेले दात.
- बॅटरी: दोन सेल लायपो, कडक आवरण, ५००० एमएएचपर्यंत, सुरुवातीला ८.४० व्होल्टपर्यंत.
- टायर: ठरलेले, हंगामाला दोन सेट, क्रमांक टाकलेले.
- सर्व्हो: प्रमाण आकाराचा कोणताही, दावा लागू.
- दुरुस्तीचे भाग: त्याच मापाचे, प्लास्टिक किंवा नायलॉन.
- तेल, स्प्रिंग, कॅम्बर, टो, उंची, ट्रान्समीटर: मोकळे.
- किमान वजन: बॅटरीसकट, ठरलेला आकडा.
- सुरक्षा: चार्जिंगचे चार नियम.
- हे पान लागू झाल्याची तारीख. पुढचा बदल या तारखेआधी नाही.

शेवटची ओळ मी जाड अक्षरात छापतो.

कुलूप

आता मूळ मुद्दा. पान तीन हंगामांसाठी बंद करा. मधे फक्त दोन कारणांनी उघडायचं: कोणाला इजा होऊ शकते, किंवा एखादा भाग मिळेनासा झाला. "आता सगळ्यांकडे आहेच", "दुसऱ्या ट्रॅकवर चालतं", "थोडा वेग वाढला तर मजा येईल" ही कारणं कितीही गोड बोलून मांडली तरी नाहीत.

माझी चूक इथलीच. दुसऱ्या वर्षी हंगामाच्या मध्यावर मी टायर बदलला. कारण चांगलं होतं, नवा टायर खरोखर जास्त टिकत होता. पण सहा जणांनी त्याच महिन्यात जुन्याचे दोन-दोन सेट घेऊन ठेवले होते. त्यांच्यापैकी दोघे वाद न घालता निघून गेले. वाद घालणारे राहतात, गप्प बसणारे जातात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तोच टायर मी पुढचा हंगाम सुरू होण्याच्या चार महिने आधी जाहीर करून, जुने टायर अर्धा हंगाम चालू ठेवून आणला असता, तर कोणाचं काहीच गेलं नसतं.

भाग मिळेनासा झाला तर घाई करू नका. आधी पर्यायी भाग "हाही चालेल" म्हणून जोडा, जुना काढू नका. गाडीचं मॉडेलच बंद पडलं तर दोन हंगाम जुनं आणि नवं एकत्र पळवा, आणि नव्याला इतकं वजन द्या की ते जुन्यापेक्षा किंचित मागेच राहील. जुनी गाडीवाला हरला तरी चालेल, पण त्याला आपण फसवले गेलो असं वाटता कामा नये.

शेजारच्या ट्रॅकवर असाच वर्ग असेल तर एकच पान वापरा, त्यासाठी तुमचा एखादा लाडका नियम सोडावा लागला तरी. एकच गाडी दोन ठिकाणी पळली की तिची किंमत मनात निम्मी होते.

जिंकणाऱ्याचं काय करायचं

नियम कितीही चांगले असोत, पाच वर्षं मुरलेला माणूस नवशिक्यांत बसून दर वेळी करंडक नेत असेल तर नवीन कोणी टिकत नाही. हंगामाचा विजेता आणि एका हंगामात तीन अंतिम शर्यती जिंकणारा, यांनी पुढच्या वर्गात जायचं. गाडी घेऊन इथे सराव करायला हरकत नाही, गुण मात्र नाहीत. अशा लोकांना आम्ही मार्शलचं (ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या सरळ करण्याचं) आणि टेबलाचं काम देतो, आणि ते मनापासून करतात.

शर्यतीची रचना थोडक्यात: ५ मिनिटांच्या तीन क्वालिफाय (अंतिम शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या) फेऱ्या, एका हीटमध्ये (गटात) आठ गाड्या, सर्वोत्तम एक फेरी धरायची, मग अंतिम. आधीच्या हीटचे चालक पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभे राहतात. नको म्हणणाऱ्याची स्वतःची सर्वोत्तम फेरी जाते. ट्रान्सपाँडर (गाडीच्या फेऱ्या आपोआप मोजायला लागणारं छोटं यंत्र) नवख्याला घ्यायला लावू नका, आयोजकाकडे दहा-बारा ठेवून दिवसापुरते द्या.

सूचनांची वही

लोकांचं तोंड बंद करायचं नसतं, त्याला जागा द्यायची असते. तपासणीच्या टेबलावर एक वही ठेवा. ज्याला नियम बदलायचा आहे त्याने त्यात लिहायचं: काय बदलायचं, त्यासाठी सध्याच्या प्रत्येकाला काय विकत घ्यावं लागेल, आणि ते तपासायचं कशाने. दुसऱ्या प्रश्नापाशीच निम्मे जण पेन खाली ठेवतात. वही वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर सगळ्यांसमोर वाचायची आणि मत फक्त त्या हंगामात निम्म्याहून अधिक शर्यती पळालेल्यांनी द्यायचं.

गेल्या वेळी वहीत अकरा सूचना निघाल्या. नऊ वेगाच्या होत्या, त्या पुढच्या कुलपाच्या तारखेला ठेवल्या. एक दाव्याची रक्कम वाढवायची होती, ती मोटरच्या नव्या किमतीनुसार वाढवली. अकरावी एका दहा वर्षांच्या मुलीची होती. तपासणीचं टेबल तिच्या हनुवटीला लागत होतं आणि आपल्या गाडीचं व्होल्टेज तिला दिसत नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही टेबलाचे पाय कापले.